खुर्च्यांचं विवरणपत्र

ता. ३ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीस, वर हसतोस. म्हणून म्हटलं, लिहावंच.

तर बातमी अशी की वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम मी बंद करते आहे. दुःख वगैरे काही नाही. म्हणजे आहे, पण ते बाजूला ठेवू.

आजवर माझा कर ग्रंथालयाच्या पगारातून परस्पर कापला जायचा, मला त्यात डोकं घालावं लागत नसे. यंदा खुर्च्यांचे पैसे बऱ्यापैकी आले, म्हणून नोकरी आणि स्वतःचं काम अशी दोन्ही उत्पन्नं दाखवून पहिल्यांदाच विवरणपत्र भरायला घेतलं. सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. लपवाछपवी नको म्हणून तुझ्या घरच्या दोन खुर्च्यांची मजुरीसुद्धा मिळकतीत धरली, तू एक पैसा दिला नव्हतास तरी. शेवटी जो कर निघाला तो खुर्च्यांच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त! मी बेरीज पुन्हा केली, ह्यांनी केली, उत्तर तेच. हे म्हणाले की तू लोकांना नुसतं बसायला बोलावलं असतंस तरी स्वस्तात पडलं असतं.

गिऱ्हाइकांना निरोप धाडायला घेतले आहेत की महिनाअखेरीस आपापल्या खुर्च्या परत न्या. घरात सध्या इतक्या खुर्च्या आहेत आणि बसायला एकही नाही. सगळ्यांची बैठक उसवलेली. हे तुला लिहिते आहे ते पायरीवर बसून. जिथे मी विणायला बसते ती गॅलरी रिकामी झालेली मला बघवेल का, कोण जाणे.

भावजयीला आणि पिल्लांना आशीर्वाद. लोभ आहेच, तेवढा एक कुठल्या रकान्यात लिहावा लागत नाही, हे नशीब.

तुझी,
ताई

ता. ७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकासमोर वाचलं आणि इतका हसलो की त्या बाईंना वाटलं मी त्यांच्या फोटोला हसतोय. त्या न घेताच गेल्या. ते नुकसान तुझ्या नावावर.

आधी एक काम कर. ते निरोप थांबव. आत्ता, हे पत्र खाली ठेवून. थांबवलेस? आता पुढे वाच.

अगं बाई, पगारातून वर्षभर जो कर कापला गेला तो तू वजा केलास का? तुझ्या पत्रात त्याचा पत्ताच नाही. नोकरी आणि खुर्च्या, दोन्हींचं उत्पन्न एकत्र करायचं, त्यावरचा कर काढायचा, आणि आधीच भरलेला त्यातून वजा करायचा. तू तोच कर दुसऱ्यांदा भरायला निघालीस. सरकारलाही इतकी माया सोसवणार नाही.

दुसरं, वेत, खुंट्या, टोचा, हातोडी, टेम्पोचं भाडं, हा खर्च कुठे आहे? तो मिळकतीतून वजा होतो. आणि माझ्या खुर्च्यांची मजुरी! न मिळालेल्या पैशांवर कर भरणारी तू जगातली पहिली बाई असशील. भावाला फुकट काम करून दिलं तर त्याला मिळकत म्हणत नाहीत, त्याला चूक म्हणतात.

मी गेली कित्येक वर्षं स्वतःच्या धंद्याचं विवरणपत्र भरतोय आणि अजून मोकळा फिरतोय, तेव्हा माझं ऐक. खर्चात गॅलरीतला पंखा घाल, चहा घाल, चष्मा घाल. भाऊजी खुर्च्या उचलून देतात ना? त्यांच्या गुडघ्याचं मलम घाल. मांजर राखणीला आहे असं लिही.

पण खुर्च्या परत देऊ नकोस. आपल्या घरात हातात कला असलेली तू एकटीच आहेस. मी नुसतं बटण दाबतो.

लोभ असाच चालू ठेव, पावती मागणार नाही.

तुझा,
टिल्लू

ता. १५ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

मांजर घातलं नाही. मलमही नाही, हे खुर्ची उचलतात कमी आणि कण्हतात जास्त. चहा मी खुर्च्या नसत्या तरी प्यायलेच असते, आणि चष्मा मला ग्रंथालयातही लागतो. तू मोकळा फिरतोस ते अजून कोणी तुझं विवरणपत्र नीट वाचलेलं नाही म्हणून, असं ह्यांचं मत आहे.

मात्र तू म्हणालास ते खरं निघालं. कापलेला कर वजा केला, वेताचा आणि टेम्पोचा खर्च घातला, तुझ्या दोन खुर्च्या काढून टाकल्या. आता भरायचा उरतो तो कर कमाईचा लहानसा तुकडा आहे. तो आनंदाने भरीन. वेताचा खर्च घालताना मन मात्र खात होतं. ज्या कामात मला इतकी मजा येते त्याचा खर्च वजा मागायचा म्हणजे चोरी वाटते. वेत भिजवायला न्हाणीघरातली बादली लागते, त्या पाण्याचं काय, हा प्रश्न मी ह्यांना विचारला, तर हे उठून फिरायलाच गेले.

निरोप थांबवले. ग्रंथालयाच्या साहेबांकडे जाऊन बाहेरच्या कामाची लेखी परवानगीही घेतली. ते म्हणाले की त्यांची हरकत काहीच नाही, त्यांना वाटायचं मी सुट्टीच्या दिवशी झोपा काढते.

तरीही विवरणपत्र टेबलावरच पडून आहे. व्यवसायाचं स्वरूप काय, असा एक रकाना आहे, तिथे हात अडतो. पेन्सिलीने 'हौस' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. स्वतःलाच विचारते आहे की मी कराला घाबरले होते, की हे काम खरं आहे असं शाईने लिहायला? हौस मोडली तर कोणी हसत नाही. धंदा बसला की सगळे विचारतात. करामुळे बंद केलं, असं सांगणं किती सोपं होतं बघ. तुला काय वाटतं? हसू नकोस.

तुझी,
ताई

ता. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही. तुझ्या भावजयीला साक्षीला ठेवून वाचलं.

ती म्हणाली ते लिहितो. लोक घरी खाली चटईवर बसतात आणि तुझ्याकडून खुर्ची यायची वाट बघतात. दुसऱ्याच्या हौसेसाठी कोणी इतके दिवस चटईवर बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की पेन्सिल भाऊजींकडे दे आणि त्यांना लपवायला सांग.

बसला धंदा तर बसला. माझा दोनदा बसलाय. लोक विचारतात, आपण सांगतो, मग ते आपल्याकडेच चहा पिऊन जातात.

मुदत गेली तर दंड पडेल हे लक्षात ठेव. लोभाला मुदत नाही, तो सावकाश पाठव.

तुझा,
टिल्लू

ता. २८ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

विवरणपत्र दिलं! शाईने. 'वेताच्या खुर्च्या विणणे व दुरुस्ती' असं लिहिलं आणि अक्षरही बरं आलं.

कर कार्यालयात मदतीची खिडकी असते, तिथे गेले होते. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं की नोकरी की धंदा. मागे रांग होती. मी म्हटलं, दोन्ही. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण रांगेतल्या एका बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. की दयेने, ते कळलं नाही. गृहस्थांनी सगळं तपासलं आणि काही चुकलं नाही म्हणाले. मी बादलीच्या पाण्याचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की पाणी असू द्या.

मग तो रकाना वाचून त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या आईची झुलती खुर्ची आहे म्हणे, वेत तुटलेला, विणणारं कोणी सापडत नाही. संध्याकाळी आणून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मला घाम फुटला. माझे कागद त्यांच्या हातात आणि त्यांची खुर्ची माझ्या गॅलरीत, हे कसं दिसेल? मी स्पष्ट सांगितलं की कर भरल्याची पोच माझ्या हातात पडेपर्यंत तुमची खुर्ची माझ्या दारात येता कामा नये. ते इतके हसले की शेजारच्या खिडकीतले लोक डोकावून बघायला लागले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले की लाच नाकारणारे पुष्कळ ऐकले, गिऱ्हाईक नाकारणारी पहिलीच.

पोच परवा आली. काल ते खुर्ची घेऊन आले, आईंनाही सोबत आणलं. मजुरी मी पुरी सांगितली, एक पैसा कमी केला नाही. आईंना ती जास्त वाटली. त्यांनी घासाघीस सुरू केली, तर मुलाने त्यांना थांबवून सांगितलं की आई, ह्या बाईंचा नोंदलेला धंदा आहे.

तुला खोटं वाटेल, पण मला त्या क्षणी बसावंसं वाटलं. आणि घरात बसायला, तुला ठाऊकच आहे, एकही खुर्ची नव्हती. उभ्यानेच पावती फाडली. धंदा शाईने लिहिल्यानंतरची पहिली.

पिल्लांना पापे. लोभ आहे तसा राहू दे. वाढला तर मला कळव, मी लिहून ठेवीन.

तुझी,
ताई