चेन पाठीकडे असलेली बॅग

रविवार, संध्याकाळ

प्राचीबरोबर तुळिंजला जाऊन तिची कॅमेऱ्याची बॅग घेऊन आले. पुढच्या आठवड्यात ती व्हिएतनामला लग्न शूट करायला चालली आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघींनी मिळून काढलेले फोटो त्या नवरीला आवडले, आणि बोलावणं आलं ते हिला एकटीला. वर मलाच म्हणते, "तूच निवड गं, तुला त्यातलं कळतं." कळतं ना! म्हणून तर साधी, काळी, कंपनीचं नाव न मिरवणारी निवडली. चेन पाठीला टेकते त्या बाजूला. बॅग पाठीवर असताना कुणाची उघडायची टाप नाही.

"बघू तरी, तू चोर हो," म्हणाली. भर बाजारात ती बॅग लावून पुढे, मी मागे. भाजीवाल्या हसायला लागल्या. मी खूप खटपट केली. गंमत म्हणून? छे. ती चेन उघडावी असं मला मनापासून वाटत होतं. एकदा तरी. नाहीच उघडली. निवडली कोणी होती!

तिच्या घरी सामान भरून पाहिलं, तर एक कप्पा रिकामा राहिला. "तुझी मोठी लेन्स देशील? जपेन मी." आम्हा फोटोवाल्यांत लेन्सला नाही म्हणत नाहीत. दिली. पुसून, कापडात गुंडाळून माझ्याच हाताने आत ठेवली. चेनही मीच लावली.

माझ्याआधी माझी लेन्स विमानात बसणार. आणि मी? उद्या गोखिवऱ्याला, बारशाचे फोटो काढायला.