गुरुवारची गोळी

नवीन पनवेल
१६ जानेवारी २०२५

चि. मैनास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहिते कारण तुझा फोन घरभर ऐकू जातो, आणि तुझ्या लेकाला, प्रितेशला, सांगणार नाही असं वचन तू माझ्याकडून घेतलं आहेस. संक्रांतीला हसत सांगितलंस की हृदयात स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवायला दिलेल्या दोन गोळ्या तू सोमवारी, गुरुवारी, शनिवारीच घेतेस. लोक वार पाळतात, मासळी खपत नाही, हात कापला जात नाही, म्हणून. मला हसू आलं नाही.

नीट वाच. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेटमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बाकीच्या प्लेटलेटना चिकटायला बोलावणारा निरोप तयार करतं. अ‍ॅस्पिरिन ही तुझ्या दोन गोळ्यांतली एक त्या विकराचं तोंड बंद करते. ती प्लेटलेट मरेपर्यंत, आठ-दहा दिवस, ते बंदच राहतं. म्हणून गुरुवारची गोळी शुक्रवारी उतरत नाही, कापलेलं बोट वाहतंच. आणि गोळी चुकते त्या दिवशी नव्या प्लेटलेट मोकळ्या तोंडाने येतात, त्या स्टेंटपाशी गुठळी करू शकतात. म्हणजे हातही वाहतो आणि छातीलाही राखण नाही.

डॉक्टरांना न विचारता एकही गोळी सोडायची नाही. मासळी कापायचा कोयता माझ्याकडे पाठव, कापायला सुनेला बसव. रविवारपर्यंत आला नाही तर मी वचन मोडीन.

रागाव, पण माया आटवू नकोस.

किशोरी

करंजा
१८ जानेवारी

ती. ताईस, मैनाचा नमस्कार.

तुजं पत्र जगनच्या टेम्पोतून मासळीच्या पाटीखाली आलं. हे पन तसंच येईल, नाक मुरडू नको. लहानपनी बेडूक कापून दाखवलास, तवापासून तुला वाटतं कापनं मला तूच शिकवलं.

तुजं खरं हाय. पन गिऱ्हाइकाला विकर कोन समजावनार? पापलेटाचं रगत चालतं, माजा थेंब पडला की बाई पुढच्या ओट्यावर जाते. सुनेला बसवली, तर भाविकानं सुरमईचा पार चेंदा केला. बाया हसल्या, ती रडली, मी बसून बगत होते.

प्रितेशला म्हनले, हात दुखतो. त्यानं लगेच इचारलं, मग बाजारातली जागा देऊन टाकू का, गिऱ्हाईक तयार हाय. मी सांगितलं, जीव हाय तवर तिथंच बसनार. गोळी सोडली तर जीव जाईल, कोयता सोडला तर जागा. तू जिंकलीस असं समजू नको. आयशीचा कोयता पाठवते. घरात राहिला तर माजा हात राहनार नाय.

मैना

नवीन पनवेल
२० जानेवारी

चि. मैनास, आशीर्वाद.

आज सोमवार. दोन्ही गोळ्या घेतल्या असशील, तशाच उद्या मंगळवारीही घ्यायच्या. ओट्यावर रोज बस. भाव तू सांग, हात भाविकाचा चालू दे. रविवारी येईन. तिने केलेला चेंदा मी पूर्ण भावाने घेईन आणि बायांच्या देखत घेईन.

लोभ आहेच, तो वार बघत नाही.

किशोरी

ता. क. जगनकडून मिळाला: कोयता एक, मुठीला तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी. चिंधी सोडली नाही. धार लावून ठेवीन, परत देणार नाही.
जगनजवळ दिला: भाविकासाठी नवा कोयता एक, हलका.