न दिलेली चिठ्ठी

डोंबिवली पूर्व,
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय हेमा,

फोन तू उचलत नाहीस, ते योग्यच आहे, म्हणून कागद. तुझं रजिस्टर पत्र मार्चमध्येच मिळालं. सर्वेशचा अहवाल मागे घे, एवढंच त्यात होतं. त्याकडे येतो. आधी माझी एक तक्रार नोंदवून घे.

बाळकुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे मोठ्या माणसांना बसायला खुर्ची नाही. ससे छापलेल्या, प्लॅस्टिकच्या वीतभर खुर्च्या आहेत. त्यांवर औषध कंपन्यांच्या टायवाल्या पोरांच्या रांगेत, पायाशी आंब्याची पेटी ठेवून, बावन्न वर्षांचा मानसशास्त्रज्ञ गुडघे हनुवटीला टेकवून बसतो. डॉक्टरांनी महिन्याला दोन मुलं जरी चाचणीला पाठवली तरी त्याची पाटी दारावर टिकते. दिवाळीला मिठाई, उन्हाळ्यात आंबे आणि बारा महिने हसरं तोंड. आपण एम.ए.ला होतो तेव्हा हा विषय अभ्यासक्रमात नव्हता, तरी मी त्यात पहिला आलो.

तुझ्याकडे मात्र कधी पेटी घेऊन यावं लागलं नाही. शाळेची समुपदेशक म्हणून तू आठ वर्षं माझ्याकडे मुलं पाठवलीस. चिठ्ठीवर नाव, इयत्ता आणि खाली ‘नीट बघ’. सर्वेशच्या चिठ्ठीवरही ते होतं.

परवा त्या खुर्च्यांवर सर्वेशच भेटला. आईबरोबर माझ्या शेजारी येऊन बसला. दोन्ही कानांमागे यंत्रं. आईने मला ओळखलं आणि पेटीला जागा व्हावी म्हणून जरा सरकून बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या पालकांसाठी माझ्याकडे तयार वाक्यं आहेत. तिने शांतपणे सांगितलं की नवी तपासणी झाली, डोकं चांगलं आहे, ऐकूच कमी येत होतं. वर्षभर तो आंबिवलीच्या विशेष शाळेत मणी ओवतोय. तुमची शाळा म्हणते, आधीचा अहवाल फायलीत आहे तोवर परत घेता येणार नाही.

मग म्हणाली, “सर, आता त्याला पंख्याचा पण आवाज येतो. बंद कर म्हणतो.”

मी ‘छान’ म्हणालो. हेमा, मी ‘छान’ म्हणालो.

तुला गेल्या वर्षी मी सांगितलं होतं की चाचणीत तसं काही जाणवलं नाही. ते खोटं होतं. पोरगं माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देत होतं. मी मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं की गप्प. मान वर करून तेच विचारलं की बरोबर उत्तर. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी समासात ‘कान?’ असं लिहिलं. पुढची पायरी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. चाचणी थांबवायची आणि आधी कान तपासायला चिठ्ठी द्यायची.

ती तपासणी कोपरीत होते. त्याच मजल्यावर माझ्यासारख्याच चाचण्या घेणारं देवयानीबाईंचं मूल्यमापन केंद्र आहे. मी कान तपासायला पाठवलेली दोन मुलं तिथूनच त्यांच्याकडे गेली होती, परत आली नव्हती. शिवाय त्या संध्याकाळी ठाण्यात डॉक्टरांसमोर माझं भाषण होतं. विषय, ‘योग्य वेळी योग्य तज्ज्ञाकडे’. मी दोन बैठकांचं काम एका बैठकीत उरकलं, ‘कान?’ खोडलं आणि अहवालात लिहिलं की लक्ष टिकत नाही, सूचना समजत नाहीत, विशेष शाळा योग्य ठरेल. भाषण चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तीन नव्या डॉक्टरांचे फोन आले.

लोकांनी माझ्याकडे पाठवावं म्हणून इतकी वर्षं फिरलो, आणि त्या दिवशी मला फक्त एका मुलाला दुसरीकडे पाठवायचं होतं.

तुला तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण मागे घेतलेला अहवाल डॉक्टरांच्या ग्रुपवर तासाभरात पोचतो. दुसरं काही कारण नाही.

परवा माझा नंबर पुकारला तेव्हा मागच्या टायवाल्याला म्हटलं, तू जा. आणि घरी येऊन अहवाल मागे घेण्याचं पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘तांत्रिक त्रुटी’ होती. दुसऱ्यात ‘नव्या माहितीच्या आधारे पुनर्विचार’. सोबत जोडलाय तो तिसरा. त्यात लिहिलंय की मुलाला ऐकू येत नसावं अशी शंका आलेली असताना मी ती खोडून चाचणी पुरी केली. म्हणून माझा अहवाल कोणीही ग्राह्य धरू नये. एक प्रत बाळकुमच्या डॉक्टरांना पोस्टाने गेली. एक काल सर्वेशच्या घरी देऊन आलो. आईने दारातच उभ्याने वाचली, घडी घातली आणि मला पाणी विचारलं. मी घेतलं नाही.

सोमवारी शाळा उघडते. सही-शिक्क्याची मूळ प्रत घेऊन दहा वाजता तुमच्या ऑफिसात येतोय. मुख्याध्यापकांना जे विचारायचं ते विचारू देत, तोंडी सांगेन. तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे, खाली यायची गरज नाही.

त्याला तिसरीत बसवतील की पुन्हा दुसरीत, ते आता तुम्ही ठरवाल. दुसरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं, हे त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय. त्याखाली सही केली आहे.

मुकुल