कृष्णकांत सरांची तेरवी

४ नोव्हेंबर
नरखेडहून एसटीनं आलो, मांडीवर संत्र्यांची थैली. मनीषनगरात जयवंताकाकूंच्या गच्चीवरची खोली मिळाली. काकूंनी तर्री-पोहे दिले अन् माझी दोन संत्री तिथंच सोलून खाल्ली. सामोर पाण्याची टाकी, तारेवर कावळे. फिल्मच्या वर्गात आपलं नाव लागलं. मस्त वाटून राहिलं.

१२ नोव्हेंबर
आज कृष्णकांत सरांनी माझी कथा भर वर्गात वाचली, माझीच नक्कल करत. मग म्हणाले, तुझी फिल्म पाहायला काही मी येणार नाही, तुझ्या तेरवीला मात्र जेवायला नक्की येईन. सारे खिदळले. सुमंतही, माझा दोस्त असून. डोकं अजून तापून आहे. थांबा सर, तुमचीच तेरवी करतो.

१७ नोव्हेंबर
केली. पाच मिनिटांची विडंबन फिल्म. सरांचा फोटो फ्रेममध्ये, त्याले झेंडूचा हार. गच्चीवर पत्रावळींची पंगत. सुमंत सरांचा पोरगा झाला. वरण कमी पडलं म्हणून सोयरे भांडतात, असा सीन. शेवटी पिंड. तो खरं तर दहाव्याचा, पण विडंबनात चालते.

गावी कावळा शिवत नसला की घरचे हात जोडून म्हणतात, तुमचं जे राहिलं ते आम्ही पुरं करू. सुमंतनं वायफाय चालू ठेवायचं वचन दिलं, गाडी धुवायचं दिलं. कावळा ढिम्म. मी वैतागलो. कॅमेरा त्याच्या हाती दिला, सामोर आलो अन् म्हटलं, सर, तुमची राहिलेली इच्छा मी पुरी करतो, माझा शब्द.

कावळा लगेच शिवला. काकू कपडे वाळू घालून राहिल्या होत्या. जित्या माणसाचा पिंड काहून मांडला गा, म्हणाल्या. मी हसलो.

२० नोव्हेंबर
वर्गात दाखवली. पोरं लोळली. सरांनी शेवटपर्यंत पाहिली, चेहरा उतरलेला. खोटं काहून बोलू, मजा आली मले. जाताना एवढंच म्हणाले, शब्द तू दिला आहेस.

२१ नोव्हेंबर
सर गेले. वर्गाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाही.
बरं झालं, असं मनात आलं. आलं म्हणजे आलं.

३० नोव्हेंबर
घाटावर सरांचा दहावा. त्यांची पोरगी वैभवी वचनं देऊन थकली. कावळे झाडावर, सारे माझ्याकडं तोंड करून. बाबांचं काय राहिलं कोणाले माहीत आहे का, तिनं विचारलं. सुमंतनं माझ्याकडं पाहिलं. त्यालेही आठवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
सरांची एकच इच्छा होती. माझी तेरवी जेवायची.

२ डिसेंबर
फिल्म पुसायला उघडली. फ्रेममधला फोटो — काकूंले दाखवला. हा तर तूच आहे गा, म्हणाल्या.
बॅग भरली. उद्या गावी जातो. शब्द गावी गेल्यानं फिरत नाही, म्हणतात काकू.

३ डिसेंबर, दुपार
दार उघडलं. गच्चीवर पत्रावळी. आम्ही तर उचलल्या होत्या —
पहिल्या पानावर सर. बाह्या सारून. वाढायची वाट पाहून राहिले.
सामोर माझा फोटो, हार ताजा. काकूंले हाक मारली —
टाकीवरून कावळा उतरला. पिंडाजवळ.
सर, मी जिता आहो. शब्द परत घेतो, सर, माफ —
त्यानं चोच