रविवारी न वाचायचं पत्र

प्रिय कोकू,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तू नेहमीसारखी मुटालेम्वा मास्तरांनी लिहून दिलेल्या भाषेची वाट बघत बसशील. ‘सर्व ग्रामस्थांचा स्नेह स्वीकारावा’ असलं इथे काही नाही. माझं एक बोट, माझा चष्मा आणि तू नाताळात पाठवलेला फोन, एवढ्यावर चाललंय. मागच्या गुरुवारपासून तुझ्या आईचं स्वतःचं ईमेल खातं आहे. बासष्टाव्या वर्षी. गावातल्या बायकांमधलं पहिलं, आणि हे मी नाक वर करून सांगते आहे.

तू म्हणशील, आपल्या गावाचं खातं आहे की. आहेच. पोस्टात सगळ्या गावाची मिळून एकच पेटी, तर ईमेलही एकच पुरे, असं आपण ठरवलं तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने ‘हो’ म्हटलं होतं. पेटीतली पत्रं मास्तर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या ओट्यावर उभं राहून वाचायचे, तसेच ते फोनवरून ईमेलही वाचायला लागले. तुला नर्सिंगला जागा मिळाल्याचं सगळ्यांनी असंच एकदम ऐकलं. तुझे बाबा ‘बघू, विचार करू’ म्हणायच्या आत अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. मग तुला न पाठवणं त्यांना जमलंच नाही. त्यामुळे त्या खात्याला मी कधी नावं ठेवणार नाही.

माझं खातं उघडायला मात्र मला आठ दिवस लागले. फोनने आधी नाव विचारलं. मी ‘कोकूची आई’ असं लिहिलं. तू झाल्यापासून मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली आहे? मग जन्मतारीख. ती कुणाला ठाऊक, म्हणून बाप्तिस्म्याच्या कागदावरची तारीख घातली आणि देवाची माफी मागितली. त्यानंतर त्याने विचारलं, पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडेल असा दुसरा ईमेल आहे का? मला दुसरा कुठला माहीत असणार? गावाचा दिला. फोन म्हणाला, तिकडे सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा. बुधवार होता. मी रविवारपर्यंत थांबले.

रविवारी मास्तर चष्मा सावरत उभे राहिले आणि म्हणाले, “कोकूच्या आईसाठी आलंय. आठ, शून्य, तीन, तीन, सहा, एक. बस, एवढंच. आणि हा आकडा कुणालाही सांगू नये, असंही खाली लिहिलंय.” मागे कुणीतरी तो गाण्याचा क्रमांक समजून गाण्यांचं पुस्तक उघडून पानं चाळायला लागलं. म्हातारा इशेन्गोमा म्हणाला, “एवढी गाणी कुठल्या पुस्तकात आहेत रे बाबांनो?” सगळे पोट धरून हसले. केमिलेंबे तेवढी हसली नाही. शेजारीण खरी, पण तिचे कान नेहमी माझ्याच अंगणात. ती म्हणाली, “आपल्या सगळ्यांचं एक खातं असताना तुला वेगळं कशाला गं? आमच्यापासून लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?” मी म्हटलं, कॉफी पिकवणाऱ्या बायकांच्या गटासाठी लागतंय. चर्चच्या दारात उभी राहून मी धडधडीत खोटं बोलले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

घरी येऊन आकडे भरले तर फोन म्हणाला, हे शिळे झाले. मग गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला ईमेलऐवजी फोन नंबर दिला आणि आकडे हातातल्या हातात आले. केळी सोलता सोलता भरले. पासवर्ड कुणालाही सांगितलेला नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तेही खुशाल आहेत. यंदा तुझ्या आवडीचे नाकतोडे भरपूर आले, तुझ्यासाठी तळून डबा भरून ठेवला आहे.

कोकू, तुझं पत्र यायचं त्या रविवारी मी पुढच्या बाकावर बसायचे. आपल्या कोकूने ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांना मदत केली, आपल्या कोकूच्या हातून जुळी मुलं सुखरूप जन्मली. ते ऐकताना माझा ऊर भरून यायचा. पुढचा आठवडाभर पाणवठ्यावर बायका मला आधी पाणी भरू द्यायच्या, आणि मी भरायचे. त्या मानाची मला चटक लागली होती, हे आज कबूल करते.

मागच्या पत्रात तू शेवटी विचारलंस, ‘माझी खाट अजून आहे का?’ मास्तरांनी ते वाचलं आणि लोक हसले. केमिलेंबे म्हणाली, “आपल्या नर्सबाईंना शहरातल्या गादीवर झोप लागत नाही वाटतं.” मीही हसले. घरी आले आणि तुझी आधीची पत्रं एकेक करून आठवून बघितली. लग्न झाल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात जावयाचं नाव असायचं, या पत्रात नव्हतं. त्याआधीच्या दोन पत्रांतही नव्हतं. मास्तरांनी तुला उत्तर पाठवलं की खाट आहे आणि सर्व ग्रामस्थ आनंदात आहेत.

त्या दिवशी मला कळलं, तीन वर्षं तू गावाला पत्रं लिहिलीस. मला एकही नाही, आणि लिहिणार तरी कुठे होतीस? फोनवर बोलायचं तर शेजारी बाबा आणि अंगणापलीकडे केमिलेंबेचे कान. म्हणून हा सगळा खटाटोप केला. या पत्त्यावर आलेलं फक्त मी वाचते, आणि ओठ न हलवता वाचायलाही शिकले आहे. खरं काय आहे ते लिही. टाळ्या वाजवण्यासारखं नसलं तरी लिही. मला तुझा अभिमान आहे, तो टाळ्यांच्या आधीपासूनचा आहे. लिहायचं नसेल तर सरळ बस पकड. बाबांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. तुझ्या खाटेवर मी कॉफीची पोती रचली होती. ती काल उतरवली आणि चादर घातली.

तुझीच, आणि या पत्त्यावर एकटीच,
आई