भावोजींच्या नावाचे गाऱ्हाणे

ती. भावोजींस,

मंजुरीपत्र आले. काजू सोलायच्या यंत्राचे दरपत्रकही आले, चार लाखांचे. निम्मे सरकार देणार, पण आमच्या बचतगटाने आपले निम्मे आधी बँकेत भरायचे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे आणि पन्नास हजार कमी पडतात.

बायकांना धीर यावा म्हणून देवळात मी एवढेच बोलले, "आमचे मुंबईचे भावोजी नाही म्हणायचे नाहीत." गुरवाने ते ऐकले नि तिथल्या तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, "उरलेला वाटा ह्या मुंबईकराने दिलान, त्याला यश दे रे महाराजा!" सगळ्या "व्हय महाराजा" म्हणाल्या. मीही म्हटले.

आता देवापुढचा शब्द मागे कसा घेऊ? हौसाकाकी म्हणते, "गो, तुझ्या दिराचा फोटो यंत्राच्या शेडमध्ये लावूया." गेल्या शिमग्याला तुम्ही ह्यांना "गावासाठी पुन्हा मागू नकोस" म्हणालात, ते मी कुणाला सांगितलेले नाही. म्हणूनच हे पत्र अर्धे लिहून देव्हाऱ्यात पडून होते, अजूनही टपालपेटीत टाकवत नाही.

टाकलेच, तर उलट टपाली कळवा. नकार असेल तर मात्र गुरवाच्या नावे पाठवा. देवाला काय सांगायचे ते तोच सांगेल.

तुमची भावजय,
सुलोचना