नदीकडचं दार

बा, बंगल्याचं नदीकडचं दार परत उघडलं. मी बांधलेली भिंत मीच फोडली आणि काल संध्याकाळी तिथं नवी सागवानी चौकट दारासकट बसवली. हे ज्याला सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहितोय. तू असतास तरी तुला वाचता आलं नसतं. कागद उलटासुलटा करून बघितला असतास आणि कुणी वाचून दाखवेपर्यंत कमरेला खोचून ठेवला असतास. मलाही लिहिणं उशिराच आलं. मिस्त्री झाल्यावर नुसत्या थापीवर भागेना, मग कल्याणच्या एका मास्तरांकडून आधी मोडी शिकलो, मग बाळबोध. आता सकाळ आहे, गडी अजून आलेले नाहीत. मी धक्क्याच्या वरच्या पायरीवर बसलोय. पाणी उतरत चाललंय आणि पलीकडच्या तिवरांत बगळे चिखल चाळतायत.

तू मला पहिल्यांदा तुझ्या शिडाच्या मचव्यावर घेऊन गेलास तो दिवस अजून नीट आठवतो. मुंबईहून माईजींना, म्हणजे आपल्या पारशी शेठजींच्या आईला, घेऊन आपण परत येत होतो. त्या गादीवर बसलेल्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, मांडीवर सुपारीचा डबा. ठाण्याला भरतीची वाट बघत थांबलो आणि पाणी चढायला लागल्यावर त्याच्याबरोबर निघालो. कळवा मागे पडलं, मुंब्र्याचा डोंगर जवळ आला, आणि मग दोन्ही काठांना मुंबईच्या शेठ लोकांचे बागबंगले दिसायला लागले. एकाला निळ्या काचा होत्या, एकाच्या पायऱ्यांवर दगडी सिंह, एकाच्या बागेत मोर. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. रस्त्यानं तेव्हा येतंच कोण होतं? तू सुकाणूवर उभा राहून प्रत्येक बंगल्याबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत होतास. खिडक्या बंद असल्या की म्हणायचास, हा झोपलाय. दिवाणखान्यात माणसं दिसली की म्हणायचास, हा जागा झाला. मला वाटायचं, नदीवरचे सगळे बंगले तुझ्या ओळखीचे आहेत आणि तुझ्यासाठीच असे ओळीनं उभे आहेत.

आपला बंगला शेवटच्या वळणावर. वळण आलं की तू शंख फुंकायचास आणि वर आय नदीकडच्या दारात येऊन उभी राहायची. बंगल्याच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. शेठची माणसं नसत तेव्हा झाडलोट, दिवाबत्ती सगळं तीच बघायची. आपल्या कोळीवाड्यातला नियम तिनं तिथंही चालवला होता. घरचा मचवा पाण्यात असेल तोवर घराचं पाण्याकडचं दार लावायचं नाही. ओढून घेतलं तर चालेल, पण अडसर घालायचा नाही. कोळीवाड्यातल्या झोपडीला हे ठीक होतं. इथं दिवाणखान्यात चिनी फुलदाण्या होत्या, आणि ही बाई दार उघडं टाकून बाहेर पडवीत झोपायची. धाकट्या शेठनी, माईजींच्या धाकट्या लेकानं, एकदा माईजींकडे तक्रार केली. माईजी म्हणाल्या, त्या मचव्यात मी असते रे, मला नको का घरात यायला? तेव्हापासून कुणी त्या दाराचा विषय काढला नाही.

मग आगगाडी कल्याणला आली आणि हळूहळू सगळ्या बंगल्यांची पाठ फिरली. शेठ लोक स्टेशनावर उतरायचे आणि घोडागाडीत बसून मागच्या बाजूनं यायचे, जिथं विहीर, गोठा, स्वयंपाकघर आणि कोंबड्यांची खुराडी. धाकट्या शेठनी एकदा कुणी मोठा गोरा साहेब जेवायला आणला, तर आयच्या चुलीतल्या राखेच्या ढिगाऱ्याशेजारी त्याला उतरावं लागलं. साहेब हसला, पण शेठच्या मनाला ते लागलं. तरी माईजी होत्या तोवर काही बदललं नाही. त्यांनी आगगाडीत पाय ठेवायला साफ नकार दिला होता. धूर काढणाऱ्या वस्तूवर हंडा चढवतात, तिच्यात बसत नाहीत, म्हणायच्या. त्यांच्यासाठी तुझा मचवा दर हिवाळ्यात मुंबईला जायचा आणि नदीवर बाकीचे धक्के ओस पडले तरी आपल्या धक्क्यावर पावलं वाजायची.

माईजी गेल्या त्याच वर्षी हुकूम आला. मागच्या बाजूला मोठा पोर्च बांधायचा आणि नदीकडचं दार विटांनी बुजवायचं. नदीची हवा ताप आणते असं कुणा डॉक्टरांनी शेठना सांगितलं होतं. मी तेव्हा नुकता शिकून उस्तादाच्या हाताखालून सुटलो होतो. गवंडीकामाला मला तूच घातलं होतंस, मचव्यात आता काही राहिलं नाही म्हणून. उस्तादानं ते काम मलाच दिलं. घरचंच आहे, म्हणाला.

मी विटा आणि चुना घेऊन आलो तर आय उंबऱ्यात बसलेली, तू पडवीत उभा. मचवा खाली धक्क्याला बांधलेला, भरतीवर हलत होता. आय एवढंच म्हणाली, "मचवा पाण्यान हाय. दार नाय लागाचा." मी तिला समजावून बघितलं. मागे शेठचा कारभारी येरझारा घालत होता. त्यानं सरळ सांगितलं की काम आज झालं नाही तर दुसरे गवंडी येतील आणि तुम्ही तिघं इथून जाल. आय हलली नाही. तिच्या दृष्टीनं ते दार लावणं म्हणजे मचवा पाण्यात असताना तुझी आशा सोडणं होतं. आणि मला खरं सांगायचं तर तुझा राग आला होता, की तू काहीच का बोलत नाहीस.

तू तसाच वळलास. खाली उतरलास, वाडीतून माणसं बोलावून आणलीस, शीड उतरवलंस, डोलकाठी काढलीस. मग ओंडके टाकून मचवा काठावर ओढायला लागलात. भरतीची रेघ ओलांडली तरी तू थांबला नाहीस. वर, आंब्याच्या सावलीपर्यंत नेलास आणि पालथा घातलास. तो परत पाण्यात जाणार नाही हे तुलाही कळत होतं, माणसांनाही. चिखलानं भरलेल्या पायांनी तू वर आलास, आयसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "मचवा वर आला. आता लाव." ते तू मला म्हणालास की तिला, मला अजून ठरवता येत नाही. आय उठली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी भिंत चढवायला लागलो. हात चालत नव्हता. तू शेजारी उभा राहून एकेक वीट माझ्या हातात देत होतास. कमरेइतकी भिंत झाली तेव्हा तू बघितलंस आणि म्हणालास, "मन लागत नाय म्हनून भित वाकरी करू नको." मग परत खाली गेलास आणि मचव्यावरचं, पाण्याची खोली बघायचं शिशाचं वजन दोरीसकट सोडून आणलंस. "ह्यो ओळंबा कर," म्हणालास. तो मी भिंतीवरून सोडला आणि बाहेर गेलेल्या विटा काढून परत लावल्या. तोच ओळंबा आजही माझ्या पिशवीत आहे. ठाण्याच्या कचेरीच्या भिंती त्यावर उभ्या राहिल्या, आंबिवलीचा पूल त्यावर झाला. दुसरा घ्यायची मला कधी गरज पडली नाही.

पुढे तुला पोर्चमध्ये गाड्यांचं दार उघडायला उभं केलं, पितळी बटणांचा कोट देऊन. तू तो कोट घालून इतका सरळ उभा राहायचास की मला तिकडे बघवायचं नाही. तुझी कुरकूर मी कधी ऐकली नाही. तू गेलास तो मागच्या खोलीत, खाटेवर, जिथून पाणी दिसत नव्हतं. तुझ्या अस्थी मी याच धक्क्यावरून ओहोटीला सोडल्या. परत आलो तर आय त्या भिंतीपुढे बसलेली. गिलाव्यावर हात ठेवून म्हणाली, "त्यो पाण्यान गेला, आन दार बंद." तिच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. ती जगली तोवर रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायची आणि आपल्या खोलीच्या दाराला कधी कडी घालायची नाही. मी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही.

आता बंगला दुसऱ्या शेठनी घेतलाय. त्यांना नदीची हवा हवीय. आजकालचे डॉक्टर म्हणे तीच सांगतात. भिंत फोडताना घामाघूम झालो, बा. गडी म्हणाले, कुणी बांधली होती ही, सुटत नाही. मी नाव सांगितलं नाही. शेवटची वीट निघाली आणि ओलसर वारा थेट दिवाणखान्यात आला, तेव्हा मी थापी धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो. मचव्याची फळीही उरलेली नाही. आंबा आहे.

काल काम उरकून निघताना नव्या शेठनी विचारलं, मिस्त्री, दाराला अडसर घातला ना? मी हो म्हणालो. हे पत्र मी ओळंब्याच्या पिशवीत ठेवून देणार आहे, ते टाकायला टपालपेटी नाही. पण तुला खरं ते सांगतो. मी दार नुसतं ओढून घेतलंय.